अकरा पॉइंट आणि एक बाण

हॉलच्या भिंतीतून टीव्हीच्या वायरी कुठून कशा न्यायच्या, याचा नकाशा काढायला मिलिमीटररावांना एकोणीस दिवस लागले. तेवढ्या दिवसांत घरातली जुनी फरशी निघाली, नवी बसली, स्वयंपाकघरातला ओटा बदलला आणि बाथरूमचा नळ दोनदा गळून दोनदा दुरुस्त झाला. नकाशा मात्र चालूच होता.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं. पण पंपांच्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात चौतीस वर्षं काढल्यावर ते नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. बाकी सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत, कारण कोणी ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनी भर सभेत सांगितलं, की या माणसाच्या हातून चौतीस वर्षांत एकही चुकीचं ड्रॉइंग बाहेर गेलं नाही. टाळ्या झाल्या. भेट मिळालेलं घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, पण ते वाक्य मिलिमीटररावांनी अजून जिवापाड जपलं होतं.

घराची दुरुस्ती निघाली तेव्हा बायकोने एकच अट घातली. ती वाचनालयात नोकरीला होती. दिवसभर लोकांसाठी पुस्तकं लावायची आणि तिची स्वतःची पुस्तकं मात्र सव्वीस वर्षं पलंगाखालच्या खोक्यांत पडून होती, कारण हॉलच्या एकुलत्या एक मोठ्या भिंतीवर टीव्ही, दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा डबा यांचं राज्य होतं.

"ह्या घरात माणसं तीन आणि वायरी वीस," ती म्हणाली.

"तेवीस," मिलिमीटररावांनी दुरुस्ती केली.

"तेच म्हणते मी. नव्या हॉलमध्ये मला वायर म्हणून दिसता कामा नये. एक जरी दिसली ना, तर तुमचा टीव्ही त्या भिंतीवरून खाली आणि माझी पुस्तकं वर. मग रुसून बसायचं नाही."

"मंजूर," मिलिमीटरराव छाती काढून म्हणाले. "ड्रॉइंग कोण काढतंय, ते विसरू नकोस."

आणि ते कामाला लागले. एवढा मोठा ड्रॉइंगचा कागद आणला, जुना ड्रॉइंगबोर्ड माळ्यावरून उतरवला, पेन्सिलींना टोकं काढली. टीव्हीचा पॉइंट जमिनीपासून अकराशे पन्नास मिलिमीटरवर. डाव्या स्पीकरचा खिडकीकडच्या कोपऱ्यापासून सहाशे चाळीसवर. रेकॉर्ड प्लेअरचा वेगळा, वायफायचा वेगळा, आणि पुढे-मागे काही नवीन यंत्र निघालं तर त्याच्यासाठी दोन राखीव. असे एकूण अकरा पॉइंट झाले. प्रत्येकाला नंबर, प्रत्येक पाइपाला जाडी, प्रत्येक वळणाला त्रिज्या. हे सगळं कोणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. बायको "छान आहे" म्हणून वाचनालयात निघून जायची. म्हणजे घरात उरल्या सासूबाई.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, सासूबाई लेकीकडेच होत्या. हॉलच्या मोठ्या भिंतीपलीकडची आतली खोली त्यांची. हॉलमध्ये त्या फारशा येत नसत. तिथला सोफा इतका खोल होता, की एकदा बसलं की उठायला दोघं लागायचे, आणि आपल्यामुळे कोणाला उठावं लागावं हे सासूबाईंना अजिबात खपत नसे. "तुमचं चालू दे हो, मी बरी आहे इथे," असं म्हणून त्या पलंगावर बसून शब्दकोडी सोडवायच्या. तीसुद्धा निळ्या बॉलपेनने, पेन्सिलीने नाही. खोडायची वेळ येतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जावयाला हा बाणेदारपणा मनापासून आवडायचा.

"हे बघा आई," मिलिमीटरराव बोर्ड पलंगाशी टेकवून म्हणायचे, "हा सात नंबर. सबवूफरचा."

"तो काय करतो, जावईबापू?"

"नुसता घुमतो."

"बरं," म्हणून सासूबाई कोड्यात एक शब्द भरायच्या.

एकदा बोलता बोलता गाडी कारखान्याच्या आठवणींवर गेली. "आमच्या ऑफिसचा कागदच वेगळा असायचा, आई. उजव्या कोपऱ्यात बाण छापलेला. वर लिहिलेलं, 'बघण्याची दिशा'. म्हणजे वस्तू कुठल्या बाजूने बघायची ते बाण सांगणार. एकाच भिंतीला दोन बाजू असतात ना? बाण नसला की कामगार बिचारा गोंधळतो."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. जावयाला वाटलं, रस घेतायत. त्यांना फार बरं वाटलं.

विसाव्या दिवशी सकाळी वायरमन आला. धिप्पाड, शांत स्वभावाचा माणूस. त्याने नकाशा दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "साहेब, हे घराचं आहे की विमानाचं?"

मिलिमीटररावांनी ही स्तुती समजून स्वीकारली आणि टेप घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. वायरमनने भिंतीवर खडूने पहिली खूण केली. मिलिमीटररावांनी ती मोजली आणि ओल्या फडक्याने पुसून चार मिलिमीटर डावीकडे केली. वायरमनने दुसरी केली. तीही सरकली. तिसऱ्या खुणेला वायरमनने खडू खाली ठेवला.

"बाई," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "एक तर साहेब काम करतील, नाहीतर मी करीन. दोघांनी केलं तर भिंत राहणार नाही."

बायको पर्स खांद्याला लावून निघतच होती. तिने नवऱ्याच्या हातातला टेप काढून घेतला. "चला माझ्याबरोबर. आज वाचनालयात बसा. पेपर वाचा."

"पण अगं, काही शंका आली त्याला तर?"

"एकोणीस दिवसांच्या नकाशात शंका राहते का?"

हे त्यांच्याच अभिमानाचं वाक्य होतं, त्यामुळे त्यांनी चपला घातल्या. ते गेले. दिवसभर वाचनालयात बसून त्यांनी पेपर वाचला, मग वितीने कपाटांची खोली मोजली, मग एका वाचकाला टेबल तिरकं लागलंय हे पटवून दिलं. चार वाजता बायकोनेच त्यांना हात जोडले आणि घरी पाठवलं.

घरी येईपर्यंत वायरमन काम आटोपून गेला होता आणि गवंडीही मोठी भिंत लिंपून हात धुऊन गेला होता. हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर मिलिमीटररावांचं मन भरून आलं. भिंत गुळगुळीत, ओलसर, आरशासारखी. कुठे उंचवटा नाही, कुठे खड्डा नाही. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की कुठे पॉइंटसुद्धा नाही.

अकरापैकी एकही नाही! गवंड्याने बॉक्सांवरूनच प्लास्टर ओढलं असणार, दुसरं काय? असले प्रकार त्यांनी ऐकले होते. प्लास्टर अजून ओलं होतं, बायको सहाला येणार होती, आणि कोणता पॉइंट कुठे आहे हे जगात एका माणसाला तोंडपाठ होतं. त्यांनी टेप शोधला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, अकराशे पन्नासवर खूण केली आणि हलक्या हाताने टोकरलं. खाली वीट लागली. तीन नंबरलाही वीट. चार नंबरलाही वीट. पाचला त्यांनी जरा खोल टोकरलं, तर वीट जरा खोल लागली. पाच वाजेपर्यंत त्या आरशासारख्या भिंतीला अकरा खड्डे पडले होते. अगदी नकाशाबरहुकूम, एका मिलिमीटरचाही फरक नाही.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. पोकळ आवाज येतो का ते बघायचं होतं.

भिंतीतून उलट टकटक आली.

मिलिमीटरराव दोन पावलं मागे सरकले. मग पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, काही शोधताय का?"

ते आतल्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर, डाव्या हाताला, उजव्या हाताला, भिंतीच्या पायथ्याशी, अशा अकरा जागी पांढरेशुभ्र नवे बॉक्स चमकत होते. एकाला टेबलफॅन लावला होता, एकाला मोबाइल. सात नंबरला, म्हणजे घुमणाऱ्याच्या जागी, गरम पाण्याची इलेक्ट्रिक पिशवी लावून सासूबाईंनी ती गुडघ्यावर ठेवली होती.

"सोय फार छान केलीत हो," त्या म्हणाल्या. "पूर्वी एका पिनेसाठी उठावं लागायचं."

मिलिमीटररावांनी बाहेर येऊन वायरमनला फोन लावला.

"अहो, पॉइंट हॉलमध्ये हवे होते! तुम्ही आतल्या खोलीत काढलेत!"

"साहेब, मी नकाशाप्रमाणे केलं," वायरमन शांतपणे म्हणाला. "कागदावर लिहिलंय, हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत. सकाळी खुणा हॉलकडून केल्या, पण नंतर बघितलं तर कोपऱ्यात बाण आहे. आतल्या खोलीकडून बघायचा. आम्ही बाण बघूनच पाइपांसाठी भिंतीत झिरी मारली."

"बाण?"

"बाण. निळा."

निळा काय नि पिवळा काय, मिलिमीटररावांच्या कानांत पुढचं काही शिरलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. बाजारातून आणलेल्या कागदावर बाण छापलेला नव्हता. चौतीस वर्षं छापील बाणाच्या जिवावर काढलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हाताने बाण काढला असणार, कधी काढला ते आठवतही नाही, आणि काढला तो उलटा. मोठ्या साहेबांचं वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर पुसलं गेलं.

"तो कागद कुठे आहे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तिथेच असेल. गवंड्याने त्यावर माल कालवला नसेल तर. हॉलमध्ये परत करायचं म्हटलं तर होईल साहेब, पण भिंत पुन्हा फोडावी लागेल. आणि मी आता पंधरा दिवस दुसऱ्या कामावर आहे."

नवा टीव्ही उद्या सकाळी दहाला येणार होता. बायको एका तासात. आणि भिंतीला अकरा खड्डे. गवंडी जाताना आपली घमेली-थापी घेऊन गेला होता, उरलेला माल दगड झाला होता. मिलिमीटररावांनी घरभर पांढरं आणि मऊ असं काही मिळतं का ते शोधलं आणि शेवटी बाथरूममधून टूथपेस्टची नवी ट्यूब आणली. पट्टीच्या कडेने त्यांनी एकेक खड्डा इतका सफाईने भरला, की स्वतःलाच कौतुक वाटलं.

सहाला बायको आली. चपला काढता काढता तिची नजर भिंतीवर गेली आणि ती तिथेच थांबली.

"अहो, किती सुंदर! एक वायर नाही, एक भोक नाही. सव्वीस वर्षांत ही भिंत मी आज बघतेय." ती भिंतीजवळ गेली, हात फिरवायला वाकली आणि तिने नाक आक्रसलं. "ह्या प्लास्टरला पेपरमिंटचा वास कसा येतोय?"

"नवीन प्रकारचं असेल," मिलिमीटरराव म्हणाले.

तिने खिडकीत पडलेली रिकामी ट्यूब उचलली, भिंतीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि सोफ्यावर बसली. "बोला."

ते बोलले. चौतीस वर्षांत कधी बोलावं लागलं नव्हतं, त्यामुळे नीट जमलं नाही. "माझं चुकलं," एवढं म्हणायला त्यांनी बाणापासून सुरुवात करून टूथपेस्टपर्यंत सगळं सांगितलं. "टीव्ही परत पाठवतो उद्या. भिंत तुझी. अट म्हणजे अट."

बायकोला हसू येत होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. आईच्या चहूबाजूंना नियंत्रणकक्ष उभा राहिला होता.

"आई, तुझ्या खोलीचं हे काय करून ठेवलंय बघ. टीव्ही इथे लावला तर तुला किती त्रास. सारखा आवाज."

"अगं, आवाज तर दोन वर्षं ऐकतेच आहे मी," सासूबाई गुडघ्यावरची पिशवी नीट करत म्हणाल्या. "साडेसातची मालिका, नवाच्या बातम्या, जावईबापूंच्या मॅचेस. सगळं येतं भिंतीतून. कोण कोणाशी भांडतंय, कोण रडतंय, सगळं पाठ आहे. फक्त कोण कसं दिसतं, तेवढं राहिलंय."

मिलिमीटररावांना एकदम लाज वाटली, बाणाची नव्हे, दुसरीच. एका विटेच्या अंतरावर बसून त्यांनी दोन वर्षं टीव्ही बघितला होता, मोठा आवाज करून, आणि पलीकडे काय पोचतंय हे त्यांनी एकदाही मोजलं नव्हतं. बायको आईच्या पायाशी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू कधी बोलली का नाहीस गं?"

"त्यात काय बोलायचं? तुमचं चालू होतं."

दुसऱ्या दिवशी दहाला टीव्ही आला. बसवायला आलेल्या दोघांनी हॉलची भिंत बघितली, आतली भिंत बघितली आणि विचारायची गरजच पडली नाही. पलंग समोरच्या बाजूला हलवला, दोन उंच हातांच्या खुर्च्या आत आल्या. सगळ्या पॉइंटना आपापली यंत्रं लागली, राखीव दोन पिशवीला आणि टेबलफॅनला देण्यात आले. इंचभर वायर दिसत नव्हती. त्या माणसांपैकी एक जण सहज म्हणाला, "इतकं नेटकं काम आम्ही बघितलं नाही. ज्याने काढलं त्याला मानलं पाहिजे." मिलिमीटररावांनी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी साडेसातला सासूबाई दोन वर्षांच्या ओळखीच्या माणसांना पहिल्यांदा भेटल्या.

"हा थोरला दीर? एवढासा? आवाजावरून मला वाटलं चांगला दांडगा असेल!" त्या म्हणाल्या. "आणि ही ती कपटी जाऊ? अगं, चेहरा किती गोड! मी उगाच हिला एवढी बोलले."

"तुम्ही बोललात?" मिलिमीटररावांनी विचारलं.

"रोज बोलायचे. तुमच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं?"

आठवड्याभरात सुताराने हॉलच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या ठोकल्या आणि सव्वीस वर्षांची खोकी पलंगाखालून बाहेर आली. बायको रविवारभर जमिनीवर बसून पुस्तकं पुसत होती आणि गुणगुणत होती. घर आनंदात होतं. आतल्या खोलीत संध्याकाळी तिघांची जागा ठरून गेली होती, आणि कोणी कोणासाठी उठत नव्हतं, कारण सगळे तिथेच असत. एकट्या मिलिमीटररावांना मधूनच तो बाण टोचायचा. कारखान्यातल्या जुन्या मित्राने फोन करून "काय मिलिमीटर, झालं का घर?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी "झालं, अंदाजे" असं उत्तर दिलं. मित्राने तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली.

मग एका संध्याकाळी, मालिका सुरू व्हायला पाच मिनिटं असताना, सासूबाई पलंगावर वळल्या आणि पलंग किंचित डुगला. मिलिमीटररावांना डुगणारी वस्तू सहन होत नसे. ते गुडघे टेकून खाली वाकले. पलंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली होती. आठपदरी, जाड, चांगल्या प्रतीच्या कागदाची. घडीच्या कडेला त्यांना स्वतःच्या हातचा आकडा दिसला. अकराशे पन्नास.

त्यांनी पलंगाचा पाय उचलून घडी काढली, जागी दुसरा कागद सरकवला आणि खालीच बसून ती उलगडली. अकरा पॉइंट, पाइप, त्रिज्या, सगळं जिथल्या तिथे, टोकदार पेन्सिलीत. आणि उजव्या कोपऱ्यात बाण. बारीक थरथर असलेला, पण दिशेला ठाम. निळ्या बॉलपेनने काढलेला. वर त्याच निळ्या शाईत, शब्दकोड्यातल्यासारखं एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेलं होतं, ‘बघण्याची दिशा’.

वायरमन फोनवर निळा म्हणाला होता. मिलिमीटररावांनी जन्मात कधी ड्रॉइंगवर पेन टेकवलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. सासूबाई टीव्हीकडे बघत होत्या. जाहिरात चालू होती, तरी अगदी एकाग्रतेने बघत होत्या.

"वायरमन बिचारा गोंधळला होता हो," त्या नजर न हलवता म्हणाल्या.

हॉलमध्ये बायको पुस्तकं लावत होती. तिला हाक मारायची, कागद दाखवायचा आणि चौतीस वर्षांचं ते वाक्य परत मिळवायचं, एवढंच काम होतं. मिलिमीटररावांनी क्षणभर दाराकडे बघितलं. मग खिशातली पेन्सिल काढली. ऑफिसच्या प्रत्येक ड्रॉइंगवर खाली एक चौकोन असायचा, तो ह्या कागदावर त्यांनी एकोणीस दिवसांत काढलाच नव्हता. आता त्यांनी तो बाणाच्या खाली, पट्टी न लावता, हातानेच काढला. त्यात लिहिलं, ‘तपासले. बरोबर.’ खाली सही केली, तारीख घातली, कागदाची पुन्हा आठपदरी घडी केली आणि पलंगाच्या पायाखाली होती तिथे सरकवली.

"डुगतोय का अजून, आई?"

"नाही हो. बसा आता, सुरू होतंय."